सात बाजारांतली रिकामी जागा

लोहटाक्याचा बाजार गुरुवारी भरतो. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मिरचीवाला आणि मडकीवाला वीतभर जमिनीसाठी एकमेकांची आई-माई काढतात. पण चिंचेच्या खोडाजवळ चार हात लांब आणि दोन हात रुंद अशी जमीन मोकळी असते. तिथे कोणी फडके पसरत नाही. सकाळी जो लोहार पहिला येतो तो ती जागा झाडतो, पाणी शिंपडतो आणि मग तिच्या शेजारी आपला माल मांडतो. पाहुणे विचारतात, इथे देव आहे का. देव नाही. तिथे सटवाजी लोहार बसत असे.

अशाच आणखी सहा जागा आहेत. सोमवारी वाघदऱ्याला, शनिवारी बेलसरीला, तसेच बाकीच्या वारी बाकीच्या गावांना. वार सात, बाजार सात, रिकाम्या जागा सात. माझ्या आज्याने मला सांगितले तेवढेच मी सांगतो. पदरचे काही घालत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. विळा एकट्याने होत नाही. एकाने तापलेले लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर फिरवायचे आणि समोरच्याने घण मारायचा. त्याला आम्ही घणकरी म्हणतो. घणकरी नसेल तर केवढाही मोठा कारागीर असो, हात बांधून बसतो. विळा घडून झाला की त्याला पाणी द्यायचे. लाल पाते टाक्याच्या पाण्यात बुडवून काढले की त्यावर रंग धावतात. आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, मग जांभळा. गव्हाळ रंग धारेला टेकला की पाते पुन्हा पाण्यात घालायचे. श्वासभर आधी घातले तर धार तुटते. श्वासभर उशीर झाला तर धार वळते. सगळी विद्या त्या एका श्वासात आहे. आणि त्या वेळी घणकरी समोरच उभा असतो.

सटवाजी उमेदवारीला होता तेव्हा लोहटाक्यात बहिर्जी नावाचा एकच लोहार होता, असे सांगतात. त्याचा नियम कडक होता. रंग धावायची वेळ झाली की घणकऱ्याने पाठ फिरवायची. सटवाजीने अकरा वर्षे त्याच्याकडे घण मारला आणि अकरा वर्षे भिंत पाहिली. बहिर्जीला भीती होती की हा शिकेल आणि समोर दुकान मांडेल. मग एका चैत्रात बहिर्जी ऐरणीवरच कोसळला. तोंडातून शब्द फुटला नाही. त्याला मूल नव्हते. सात बाजारांना विळे पुरवणारी विद्या त्याच्याबरोबर चितेवर गेली.

पुढची तीन वर्षे सटवाजीने लोखंड नासले. त्याचे विळे गव्हात वळायचे. लोकांनी उभा गहू हातांनी उपटला. बायकांच्या तळव्यांची सालटी निघाली आणि त्या सटवाजीच्या दारात येऊन हात दाखवून गेल्या. शिव्या कोणी दिल्या नाहीत. हात दाखवले आणि गेल्या. चौथ्या वर्षी त्याला तो रंग सापडला. त्याच दिवशी तो टाक्यावरच्या टाकजाई देवीपुढे उभा राहिला आणि बोलला, "माझ्या ऐरणीसमोर जो घण धरील त्याला मी पाठ फिरवायला लावणार नाही."

हा त्याचा पहिला शब्द. यात काही वावगे नव्हते.

त्याचा पहिला घणकरी येमाजी. वाघदऱ्याचा, अंगाने आडवा, सदा हसणारा. सात वर्षे राहिला. सटवाजीने त्याला सगळे दाखवले, चुकला तर पुन्हा दाखवले. सात वर्षांनी येमाजीने आपल्या गावी भट्टी घातली आणि सोमवारच्या बाजारात सटवाजीच्या समोर बसला. दुसरीकडे जाऊन कुठे बसणार? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. पोट भरायचे ते याच सात बाजारांत.

तिथे एक म्हातारी आली. तिने दोघांचे विळे उचलून पाहिले. तिला फरक दिसला नाही. येमाजी तिच्याशी गोड बोलला, म्हणून तिने त्याचा विळा घेतला. सटवाजीला ते सोसले नाही. तो भर बाजारात म्हणाला, "तो घेऊ नकोस. त्याला पाणी नीट बसलं नाही."

म्हातारीने विळा खाली ठेवला. आजूबाजूच्या माणसांनीही ठेवले. येमाजी रागावला नाही. त्याने तोच विळा उचलून दगडावर जोरात मारला. धार तुटली नाही, वळलीही नाही. मग तो म्हणाला, "वस्ताद, पाणी द्यायला तुम्हीच शिकवलं. माझं खोटं असेल तर तुमचंही खोटं."

सटवाजीला ठाऊक होते की तो विळा चांगला आहे. येमाजीने पाते पाण्यात घालावे तसे तो स्वतःही घालत नव्हता, इतका चांगला. आणि त्याचीच जीभ खोटे बोलली. तो माल गोळा करून उठला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी टाकजाईपुढे जाऊन त्याने दुसरा शब्द दिला. ज्या बाजारात माझ्या ऐरणीवरचा माणूस बसेल, त्या बाजारात मी बसणार नाही. आपल्या जिभेवर त्याचा भरवसा उरला नव्हता. तिला संधीच द्यायची नाही, असे त्याने ठरवले.

लोकांनी समजावले की चूक झाली तर येमाजीची माफी माग आणि बस. पण तो मानी होता. माफी मागण्यापेक्षा बाजार सोडणे त्याला सोपे वाटले. सहा बाजार होते की अजून.

आता त्याचे कसे झाले ते पाहा. येमाजी गेला तशी नव्या घणकऱ्याची गरज पडली. दुसरा ठेवला. तो पाच वर्षांनी लग्न करून वेगळा झाला आणि मंगळवारचा बाजार गेला. तिसरा त्याच्या बहिणीचाच मुलगा. जाताना रडला, पण गेला. चौथा सांगून गेला नाही. पाचव्याकडून सटवाजीने आण घेतली की तू भट्टी घालणार नाहीस. त्याने आण पाळली. भट्टी त्याच्या सासऱ्याने घातली आणि हा तिथे कामाला बसला. सटवाजी बाजारात गेला तर सासरा हात जोडून म्हणाला, "या व्याही, बसा." सटवाजी तसाच मागे फिरला.

गावातले लोक हसत. गावचा न्हावी तर त्याची दाढी करता करता विचारी, "सटवाजी, तू विळे करतोस की लोहार करतोस?" सटवाजी उत्तर देत नसे. वस्तरा गळ्यावर असे आणि शिवाय उत्तर नव्हते. घणकरी ठेवावा तर बाजार जातो. न ठेवावा तर विळाच होत नाही. पाठ फिरवायला लावावे तर पहिला शब्द मोडतो. समोर बसावे तर दुसरा मोडतो. दोन्ही शब्द त्याने आपल्या तोंडाने दिले होते. कोणी मागितले नव्हते.

तेव्हा त्याने एक युक्ती केली. डोंगरापलीकडे पिराजी नावाचा धट्टाकट्टा माणूस होता. देवीच्या आजारात लहानपणीच त्याचे दोन्ही डोळे गेले होते. सटवाजी स्वतः जाऊन त्याला घेऊन आला. लोकांना वाटले, दया केली. दया नव्हती. आंधळ्याला पाठ फिरवायला सांगावे लागत नाही. शब्दही राहतो आणि विद्याही घरात राहते. सटवाजी हातोडीने ऐरणीवर टकटक करी आणि त्या आवाजावर पिराजी अचूक घण मारी. डोळसाचा घण कधी घसरे, पिराजीचा घसरला नाही.

पाच वर्षे अशी गेली. एक दिवस सटवाजीने पाते पाण्यातून काढले, रंग धावू लागला आणि शेजारी कोणीतरी आले म्हणून त्याचे लक्ष उडाले. पिराजी घणावर हनुवटी टेकून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "आता."

सटवाजीने खाली पाहिले. गव्हाळ रंग धारेला टेकला होता. त्याने पाते पाण्यात घातले. मग विचारले, तुला कसे कळले. पिराजी म्हणाला, "पहिल्या वर्षापासून कळतंय वस्ताद. लोखंड रंग बदलताना बारीक कुरकुरतं. तुम्हाला ऐकू येत नाही?"

मी साठ वर्षे ऐरणीवर बसलो. मला ती कुरकुर कधी ऐकू आली नाही. पण असे सांगतात.

सटवाजीला वाटले की टाकजाईने आपली युक्ती ओळखली. पिराजी त्यानंतर वर्षभराने बेलसरीला गेला. त्याच्या भावाने लोखंड धरायचे आणि याने "आता" म्हणायचे, असे त्यांनी जमवले. शनिवारचा बाजार गेला. आंधळ्याने केलेला विळा म्हणून लोक लांबून बघायला येत आणि घेऊन जात.

आता एकच बाजार उरला. घरचा. गुरुवारचा, लोहटाक्याचा.

सटवाजीचा एकुलता मुलगा निंबाजी त्याआधीच पटकीत गेला होता. मागे त्याची बायको ठकू आणि दोन पोरे. सटवाजी साठीला आलेला. घरात खाणारी तोंडे चार आणि भट्टी थंड. तो कोणालाही कामावर घेईना. सातवा बाजार गेला तर बसायला जमीन नाही, हे त्याला कळत होते. तेव्हा ठकूने पदर खोचला आणि म्हणाली, "मामंजी, घण मी उचलते."

आमच्यात बाया घण मारतात. नवल नाही. सटवाजीने विचार केला की ही घरची आहे. ही वेगळी भट्टी कशाला घालील, वेगळी कशाला बसेल. बाजारात बसेल ती माझ्याच शेजारी, माझाच माल घेऊन. तो निर्धास्त झाला. चार वर्षे त्याने सुखाने काढली. त्याच्या आयुष्यात तेवढीच.

मग त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी लांबचे दिसेना, मग जवळचे. पिवळा आणि गव्हाळ त्याला एकच दिसू लागले. एका सुगीत त्याचे नऊ विळे परत आले. सगळ्यांची धार वळलेली. लोकांनी ते चिंचेखाली त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने ते एकेक हातात घेऊन अंगठ्याने चाचपले.

त्यानंतर भट्टीवर असे होऊ लागले. सटवाजी सांडशीत पाते धरी आणि ठकू समोरून हळूच म्हणे, "आता, मामंजी." तो पाते बुडवी. विळे पुन्हा पहिल्यासारखे होऊ लागले. दोघांनी त्यावर कधी बोलणे काढले नाही. पोरांनाही ठाऊक होते, तीही बोलली नाहीत. पुढे त्याचा हात कापू लागला तेव्हा सांडशीही ठकूने घेतली. घण मारायला थोरला पोर लागला. सटवाजी बाजारात मात्र बसे. ठकू शेजारी बसून माल काढून देई. गिऱ्हाईक विळा घेई आणि म्हणे, वस्ताद, अजून तुमचा हात तोच आहे. सटवाजी मान खाली घाली. खोटे बोलत नव्हता. पण खरेही सांगत नव्हता.

एका गुरुवारी वाघदऱ्याचा येमाजी लोहटाक्याला आला. आता तोही पिकला होता. विकायला नव्हता आला, लेकीला भेटायला आला होता. वस्तादाच्या पाया पडला, विळा उचलला, धारेवरून अंगठा फिरवला आणि थांबला. लोहाराला लोहाराचा हात कळतो. त्याने सहज विचारले, "वस्ताद, याला पाणी कोणी दिलं?"

त्याच्या मनात वाकडे काही नव्हते. कौतुकाने विचारले. पण समोर दहा माणसे उभी होती आणि विचारणारा येमाजी होता. ज्याच्या विळ्याबद्दल सटवाजी एकदा खोटे बोलला, तोच. त्याच्यापुढे दुसऱ्यांदा खोटे बोलणे त्याला जमेना.

तो म्हणाला, "हिनं."

मग तो उठू लागला. एक हात जमिनीला, एक चिंचेच्या खोडाला. ठकूला लगेच समजले. तिने त्याचे धोतर धरले आणि म्हणाली, "मामंजी, बसा. मी उठते. मी घरी जाते, पुन्हा बाजारात येत नाही."

सटवाजी म्हणाला, "तू उठलीस तर पोरं काय खातील? माझ्यासारख्या आंधळ्याचे विळे?"

येमाजीने त्याचे पाय धरले. म्हणाला, ही तुमची सून आहे, हिला कोण परकी म्हणेल. तुमचा शब्द परक्यांसाठी होता. सटवाजीने विचारले की शब्द देताना मी तसे म्हटले होते का. तसे म्हटले नव्हते. माझ्या ऐरणीवरचा माणूस, एवढेच म्हटले होते.

तो चाचपडत बाजारातून निघाला. मिरचीवाल्यांनी वाट दिली. त्या दिवसानंतर सटवाजी लोहार सातांपैकी एकाही बाजारात बसला नाही.

ही गोष्ट सातही गावांत पोचली. आठवडाभराने त्याचे सहाही जुने घणकरी लोहटाक्याला आले. पिराजीला भावाने हाताला धरून आणले. आम्ही आठवड्याआड आमचा बाजार सोडतो, तुम्ही बसा, असे ते म्हणाले. सटवाजीने विचारले, तुम्ही न बसाल त्या दिवशी तुमच्या चुली कशावर पेटतील. टाकजाईला कौल लावून शब्द सोडवून घ्या, असे कोणी सुचवले. तो म्हणाला, देवीने शब्द मागितला नव्हता, ती कशी सोडवील. संध्याकाळपर्यंत ते अंगणात बसून राहिले. चूक कोणाची, हे कोणाला सांगता येईना. शिकले ही चूक नव्हती. शिकवले ही चूक नव्हती. पोट घेऊन बाजारात बसले हीही नव्हती. भाकरी खाऊन ते उठले आणि ज्याच्या त्याच्या गावी गेले.

पुढच्या सोमवारी वाघदऱ्याच्या बाजारात येमाजीने सटवाजीची जुनी जागा झाडली आणि आपण बाजूला सरकून बसला. बाकीच्यांनीही तसेच केले. कोणी ठरवले नव्हते. लोहटाक्यात ठकू चिंचेच्या खोडापासून चार हात सोडून बसू लागली.

सटवाजी त्यानंतर सहा वर्षे जगला. बसून खाणे त्याला पटेना. त्याने भाता ओढायला घेतला. ते काम नव्या उमेदवाराचे. भात्याला डोळे लागत नाहीत. ज्या भट्टीचा तो धनी होता तिथे सुनेच्या हुकमावर तो वारा घाली. "वारा वाढवा, मामंजी." तो वाढवी. "थांबवा." तो थांबे.

थोरला पोर तापाने अंथरुणाला खिळला तेव्हा ठकूला बाहेरचा घणकरी ठेवावा लागला. पलीकडच्या वाडीचा हरबा म्हणून कोणी होता. पहिल्याच दिवशी पाते पाण्यातून निघाले आणि रंग धावायची वेळ झाली. हरबा डोळे फाडून बघत होता. ठकूचा हात थबकला. पाते पुन्हा पाण्यात बुडल्याचा चुर्र आवाज आला नाही, तेवढ्यावरून म्हाताऱ्याने ओळखले. सात बाजार गेले तो सगळा हिशोब त्याच्या डोक्यात त्या वेळी असणारच. सुनेचा एकच बाजार होता, तोही त्याला दिसत असणार. तो म्हणाला, "बघू दे त्याला."

एवढेच बोलला. पाते वाया गेले की राहिले, ते आज्याने सांगितले नाही.

सटवाजी वारला तेव्हा सातही बाजार त्या आठवड्यात भरले, पण विळा कोणी विकला नाही. तेराव्याला ठकूने सगळ्यांना सांगितले की मामंजींसारखा शब्द कोणी देऊ नका, कोणाला झेपत नाही. जागा सोडून जायचे नाही. जवळ जवळ बसायचे. फक्त दुसऱ्याच्या विळ्याला नाव ठेवायचे नाही. ते सगळ्यांनी कबूल केले.

आजही लोहटाक्यात ऐरणीसमोरच्या माणसाला पाठ फिरवायला लावत नाहीत. आजही सातही बाजारांत ती जागा झाडतात, आणि एक लोहार दुसऱ्याच्या मालाबद्दल वाईट बोलत नाही. मीही बोलत नाही. माझ्याकडे चार वर्षे घण मारलेला एक जण आता शहरातून यंत्रावर कापलेले विळे आणतो. त्यांना पाणी दिलेलेच नसते. वरून गव्हाळ रंग मारलेला असतो, कारण रंग कोणता हवा ते त्याला ठाऊक आहे, मीच दाखवला. तो त्या मोकळ्या जागेच्या पलीकडे बसतो. सकाळी लवकर आला तर जागाही झाडतो. गिऱ्हाईक त्याचा विळा हातात घेऊन माझ्याकडे वळते आणि विचारते, बाबा, हा कसा आहे?

मी म्हणतो, तुम्ही बघा.